कडी कुठल्या बाजूला

माणसं नवी जागा बघायला जातात तेव्हा खिडक्या बघतात, भिंतींची ओल बघतात, नळाला पाणी येतं का ते बघतात. मी कडी बघते. ती दाराच्या कुठल्या बाजूला आहे, किती उंचीवर आहे, तिचे स्क्रू किती वेळा काढून परत बसवलेत. बावीस वर्षं कुलपांचं दुकान चालवतेय. वडिलांचं होतं. ते गेल्यावर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की बाईमाणसाला हे जमायचं नाही, म्हणून मी ते चालवायला घेतलं. किल्ली हरवलेले, किल्ली आत विसरलेले, बायकोने घराबाहेर काढलेले, सगळे माझ्याकडे येतात. बंद दारासमोर मी अर्ध्या मिनिटाच्या वर कधी उभी राहिलेली नाही, आणि याचा मला गर्व आहे. होता म्हणा.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला घरात सगळे टकळी म्हणतात, कारण ती एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही. दुकानात काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना त्यांच्याच घरच्या गोष्टी विचारायची आणि लोक किल्ली बनून झाली तरी गप्पा मारत थांबायचे. ही टकळी गेल्या वर्षी बंद पडली. आधी शाळेतलं काही सांगेनाशी झाली, मग शाळेत जाईनाशी झाली, मग जेवायलाही खोलीबाहेर येईना. आम्ही म्हणालो, वय आहे. वयाच्या नावावर आम्ही सहा महिने ढकलले. मग एका दुपारी तिने घरात होत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मी ते उघडलं, अर्ध्या मिनिटाच्या आत, म्हणून ती आज आहे.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्याच दिवशी मी तिच्या खोलीची कडी काढली. कुलूप काढलं. बाथरूमचीही कडी काढली. भोकांत पुट्टी भरली, घासली, वर रंगाचा हात मारला. अकरा मिनिटांचं काम, आणि असं सफाईदार की तिथे कधी काही होतं हे सांगूनही पटू नये. औषधांचा डबा दुकानातल्या तिजोरीत नेऊन ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले काही दिवस एकटं सोडू नका. मी नाहीच सोडलं.

त्याला चार महिने झाले. टकळी औषधं घ्यायची, आठवड्यातून एकदा डॉक्टरांकडे यायची आणि बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून अर्धा तास माझ्यासमोर बसून हे भागणार नाही. तिला रोजचे उपचार लागतील. जागा बघा आणि ठरवा, पण लवकर ठरवा. ती खाली खाली चाललीय."

जागा दोन होत्या. एक शहराबाहेरची संस्था, सहा महिने तिथेच राहायचं. ती माझ्या नणंदेने शोधली होती. दुसरं बस डेपोच्या मागचं दिवसाचं केंद्र, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. ते डॉक्टरांच्या कागदावर सगळ्यात खाली, पेनने लिहिलेलं होतं.

नणंद माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्या खोलीत आल्या की माझा नवरा आपोआप ताठ बसतो. तो दिवसभर अख्खी बस हाकतो, घरी मात्र कायम मागच्या सीटवर.

"संस्थेत एक जागा रिकामी आहे," ताई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. ते दिवसाचं केंद्र वगैरे थातूरमातूर आहे. सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन विसरायचं. मुलांना शिस्त लागते."

"ताई, तिला शिस्त नाही हो कमी पडली," मी म्हटलं.

"मग काय कमी पडलं?"

"बघून तरी येऊ," मी म्हटलं. म्हणून सोमवारी आम्ही तिघं संस्था बघायला गेलो. टकळीला घरी शेजारणीजवळ ठेवलं.

संस्था दिसायला सुरेख होती. फाटकापासून दारापर्यंत फुलझाडं, भिंतीवर प्रशस्तिपत्रं, आणि संचालक असे गोड की बोलताना ओठांवरून साखर सांडावी. सगळ्यांना एकसारखं वेळापत्रक, पहाटे व्यायाम, पहिले सहा आठवडे घरच्यांशी बोलणं बंद. "त्याने मन स्थिर होतं," ते म्हणाले. "आमच्याकडून एकही मूल सुधारल्याशिवाय परत गेलेलं नाही." ताई माना डोलावत होत्या. नवराही डोलावत होता, त्याची मान ताईंच्या मानेला जोडलेली असल्यासारखी.

मी म्हटलं, खोल्या बघू.

खोल्यांचा लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना अकरा अकरा दारं. प्रत्येक दाराला बाहेरून कडी आणि कडीखाली कुलूप. मी पहिलं दार ढकलून आतली बाजू बघितली. आत मूठ नव्हती. मुठीच्या जागी पत्र्याची पट्टी ठोकलेली, आणि पट्टीच्या कडेने पुट्टी. दाराच्या तळाशी, जमिनीलगत, वीतभर रुंदीचा रंग पार निघून गेला होता आणि लाकूड गुळगुळीत झालं होतं. असा रंग लाथेने जात नाही. कुणीतरी रोज तिथे पाठ टेकून बसतं, दाराखालच्या फटीत बोटं घालून बसतं, तेव्हा असा जातो.

"आग लागली तर?" मी विचारलं.

"किल्ल्या वॉर्डनबाईंकडे असतात ना. त्या चोवीस तास इथेच."

"एकट्या?"

"अतिशय अनुभवी आहेत."

वॉर्डनबाईंच्या कमरेला जुडगा होता. बावीस किल्ल्या, सगळ्या एकाच बनावटीच्या, एकीवरही नंबर नाही. मी म्हटलं, "बाई, जरा सातव्या खोलीचं कुलूप उघडता का?" त्या बिचाऱ्या उघडायला लागल्या. मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. पहिली किल्ली लागली नाही, दुसरी नाही, पाचवी अडकून बसली ती हलवून काढावी लागली. मी शंभरावर गेले तेव्हा संचालकांच्या तोंडावरची साखर विरघळली होती. एकशे चाळीसला कुलूप उघडलं.

"हे एक झालं," मी म्हटलं. "अजून एकवीस राहिली. तोवर धूर थांबतो का, विचारून ठेवा."

"आम्ही उपचार करतो, मॅडम. तुम्ही कुलपं बघताय."

"मला तेवढंच कळतं. पण ते नीट कळतं. हे कुलूप तुम्ही कुणी आत येऊ नये म्हणून लावलेलं नाही."

घरात पाय टाकल्याबरोबर ताईंचा बांध फुटला. "लाज आणलीस मला! त्या माणसाने माझ्या शब्दाखातर जागा धरून ठेवली. तुला दारं दिसतात, मुलगी दिसत नाही. घरी चार महिने ठेवून काय उजेड पाडलास? शुक्रवारी मी फॉर्म घेऊन येते. दोघांची सही लागते. कर आणि मोकळी हो!"

"मी नाही सही करणार."

"ती पुन्हा काही करून बसली तर? जबाबदारी कोण घेणार?"

"मी. आत्ताही मीच घेतेय."

ताई गेल्यावर नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "आणि ते दुसरं केंद्र नाही चाललं तर?" रागाने विचारलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. त्या दुपारी तिला उचलून खाली आणलं होतं ते याच हातांनी. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हीचं काय करायचं ते न कळून मी टकळीच्या खोलीत गेले.

ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. वॉर्डनबाईंचा जुडगा, एकशे चाळीस आकडे, संचालकांचं तोंड. मला वाटलं, हसेल. लहानपणी अशा गोष्टींवर लोळून हसायची. "बाहेरून कड्या," मी म्हटलं. "आतून साधी मूठसुद्धा नाही, वर पुट्टी भरलेली. तिथे मी तुला मेले तरी पाठवणार नाही."

तिने मान वळवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"आणि माझ्या दाराला काय आहे गं?"

"काय आहे म्हणजे?"

"काहीच नाहीये. पुट्टी आहे." तिचा आवाज न वापरलेल्या कुलपासारखा खरखरत होता. "कपडे बदलताना मी दाराला खुर्ची लावते. बाथरूममध्ये गाणं म्हणत बसते, म्हणजे कुणी आत येऊ नये. मला गाणं म्हणायचं नसतं, आई. तू दिवसातून वीस वेळा न विचारता आत येतेस. त्यांनी बाहेरून लावलं, तू आतून काढलंस. फरक काय?"

"फरक?" मी भडकलेच. "फरक हा की मी तुझी आई आहे! तुझ्यासाठी काढलं मी ते!"

"ते पण मुलांसाठीच लावत असतील."

मी उठून बाहेर आले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले. कड्यांच्या बाबतीतही ती लागू असेल हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मी तिच्या दारापाशी वाकले आणि पुट्टीवरून बोट फिरवलं. काम सफाईदारच होतं. त्या सफाईचीच मला शिसारी आली.

बुधवारी दुकान बंद ठेवून मी टकळीला घेऊन केंद्रात गेले. "बघून येऊ, आवडलं नाही तर परत," असं म्हटल्यावर ती आली. म्हणजे मागून वीस पावलं चालत आली.

केंद्राचा जिना अंधारा, भिंतीचे पोपडे निघालेले, खाली बसगाड्यांचा खडखडाट. पन्नाशीच्या समुपदेशक बाई भेटल्या, स्वेटरची दोन बटणं चुकीच्या काजात. बोळात सात-आठ मुलं खुर्च्या रचत होती आणि त्यांच्यात कशावरून तरी जोरदार भांडण चाललं होतं. कुणी त्यांना गप्प करत नव्हतं.

मी अर्थात दारं बघितली. प्रत्येक दाराला आतून फिरवायची साधी कडी. बाहेरच्या बाजूला, बरोबर तिच्यामागे, नाणं बसेल एवढी खाच. आतून कुणीही लावू शकतं आणि वेळ आलीच तर बाहेरून नाण्याने दोन सेकंदांत उघडता येतं. हा प्रकार माझ्या दुकानात डाव्या बाजूच्या खालच्या खणात पडून आहे. दवाखान्यांना, वृद्धांच्या घरांना मी स्वतः बसवून दिलाय. स्वतःच्या घरी काढायचं तेवढं सुचलं होतं, हे बसवायचं सुचलं नव्हतं. घाबरलेलं माणूस आपलाच धंदा विसरतं.

"बरं करता इथे?" मी विचारलं.

"काही जणांना," बाई म्हणाल्या. "काहींना वेळ लागतो. काही मध्येच सोडून जातात, त्यातले काही परत येतात. खात्री देता येत नाही."

त्या संचालकाने शंभर टक्के दिले होते. ही बाई शून्य द्यायलाही तयार नव्हती, आणि पहिल्यांदाच मला कुणावर तरी विश्वास ठेवावासा वाटला.

"एक अट आहे," त्या पुढे म्हणाल्या. "मंगळवारी दुपारी आई-वडिलांचा गट असतो. दर आठवड्याला यायचं."

"मी कशाला? आजारी ती आहे."

"घरी तिच्याशी तुम्ही राहता म्हणून."

"दुकान असतं मला."

"ते बंद ठेवून आज आलातच की."

टकळीच्या तोंडून एक आवाज आला. हसणं म्हणावं असा नव्हता, पण त्या दिशेला होता. बाईंनी फॉर्म पुढे ठेवला. त्यावर तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन आमच्या, आणि त्यांच्याही वर एक तिची. "हिने मनाने केली तरच," बाई म्हणाल्या. "तुम्ही करायला लावलीत तर मला ओळखू येते." मग त्या टकळीकडे वळल्या. "तुला काही विचारायचंय?"

"मी इथे आले तर घरी माझ्या दाराला कडी मिळेल का?" टकळीने विचारलं. बाईंना विचारलं, मला नाही.

मी तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. "कधी काढली?"

"चार महिने झाले," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "आणि का काढली तेही विचारा! त्या दारामागे ती निळी पडली होती. मी उघडलं म्हणून—"

"पहिले काही आठवडे काढलीत ते योग्यच केलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "परत कधी लावायची, हे कुणी ठरवलं होतं?"

कुणीच ठरवलं नव्हतं. तो विचारच आमच्या घरात कुणाच्या मनात आला नव्हता. बाईंनी टकळीला विचारलं, मनात ते विचार आले तर सांगशील का, कुणाला सांगशील. टकळी म्हणाली, "आईला नाही. बाबांना सांगेन." मला ते लागलं, फार लागलं. पण निदान माणूस तरी ठरलं होतं. मग बाईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांचं बोलणं होऊन असं ठरलं की नाण्याने उघडणारी कडी चालेल. टकळीने फॉर्म घडी करून खिशात टाकला. "बघते," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या, हातात संस्थेचा फॉर्म, त्यावर त्यांनी पेन्सिलीने आमच्या सह्यांच्या जागी फुल्या मारून ठेवलेल्या. मी टकळीच्या दारापुढे गुडघे टेकून बसले होते. पुट्टी उकरून काढली होती. पटाशीने खाच करत होते आणि टकळी शेजारी बसून तळहातावर स्क्रू धरून होती. तिने सांगितलं होतं, दोन तू लाव, दोन मी लावणार.

"हे काय चाललंय?" ताईंनी विचारलं.

"कडी बसवतेय."

"आतून? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आत कोंडून घेतलं आणि काही करून घेतलं तर?"

"ताई, मी घाबरलेय," मी म्हटलं. "तुमच्याहून जास्त घाबरलेय. पण घाबरून मी हिच्या घराचा तुरुंग करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही. तो फॉर्म परत न्या."

ताई नवऱ्याकडे वळल्या. "तू बोल. तू तरी शहाण्यासारखा बोल."

टकळीने शेवटचा स्क्रू पिळला, उभी राहिली, खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. कडी फिरल्याचा आवाज आला. नवीन कडीचा आवाज कोरडा असतो, नीट ऐकू येतो.

मी बाहेर, हातात नाणं.

"उघड," ताई म्हणाल्या. मी हलले नाही. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दहा आकडे झाले, वीस झाले. माझं अर्धं मिनिट संपलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी, उघडणं माझ्या हातात असताना, बंद दारापुढे अर्ध्या मिनिटाच्या वर उभी होते. डोळ्यांपुढे ती दुपार आली. मी नाणं खाचेला टेकवलंसुद्धा.

"अगं उघड ना!" ताईंचा आवाज रडवेला झाला. तेव्हा मला कळलं, ही बाईही रात्रंदिवस घाबरलेली आहे, फक्त आवाज मुख्याध्यापिकेचा आहे.

"ताई, थांब." हे नवऱ्याने म्हटलं. पन्नास वर्षांत बहिणीला पहिल्यांदा. मग तो दाराजवळ येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "टकळे, मी इथेच बसलोय गं."

"माहितीये, बाबा." आतून आलं. "आई नाणं लावून उभी आहे का?"

मी नाणं काढलं. "नाही," म्हटलं.

"खोटं बोलतेस. आवाज आला मला."

नवरा हसला आणि खाली फरशीवर बसला. मीही बसले, पाठ दाराला टेकून. थोड्या वेळाने ताईसुद्धा खुर्ची ओढून बसल्या, त्यांचा फॉर्म मांडीवर पालथा. पलीकडून कागदाची खसखस आली, मग दाराखालच्या फटीतून घडीचा कागद माझ्या हाताशी सरकला. केंद्राचा फॉर्म. सगळ्यात वरच्या जागी तिची सही, आणि सहीखाली बारीक अक्षरांत, जिथे काही लिहायची जागाच नव्हती तिथे, लिहिलं होतं: मंगळवारी आईने दुकानाचं निमित्त सांगायचं नाही.

नवऱ्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मग मी केली. दार तिने उघडलं नाही. मी नाणं खिशात टाकलं आणि बसून राहिले.